मास्तरांचं पोट, व्याह्यांचा कोट

टेलरमास्तर कापायच्या टेबलावर ओणवे झाले, पट्टी धरली आणि कापडावर खडूची लांब रेघ ओढली. सरळ होऊन पाहिलं, तर कापड कोरं. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. कापड कोरंच.

"मास्तर," समोर बसलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "रेघ तुमच्या पोटावर आहे."

खरंच होती. ओणवं होताना पोट आधी पोचत होतं, खडू मागाहून. शर्टावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अशी सुरेख रेघ उमटली होती की तिच्यावरून कातर चालवावी. गिऱ्हाईक हसलं, मास्तरही हसले. पण दुकान बंद करून ते तडक डॉक्टरांकडे गेले.

"थोडं कमी करा," डॉक्टर म्हणाले. "थोडंच. उपाशी राहू नका, पळत सुटू नका. ताट लहान घ्या, चहातली साखर कमी करा, दुसऱ्यांदा वाढून घेऊ नका. दुकानात चालत जा, जिना चढा."

"एवढंच?"

"एवढंच."

मास्तरांचा जरा हिरमोड झाला. दुखणं मोठं असावं अशी त्यांची मुळीच इच्छा नव्हती, पण उपाय तरी जरा भारदस्त हवा होता.

घरी बायकोनं मात्र हा उपाय एकदम मनावर घेतला. तिनं पहिली अट घातली ती जेवणाची नव्हे, बोलण्याची. "कुणाला सांगायचं नाही. मागच्या वेळी तुम्ही गावभर दवंडी पिटलीत. मग जो तो विचारायचा, 'मास्तर, बिस्किट चालतं का हो आता?' आणि चालतं हे दाखवायला तुम्ही दर वेळी एक खायचा."

"लेकीला तरी सांगू?"

"तिला तर मुळीच नाही. तिला कळलं म्हणजे तिच्या सासरी कळलं. आणि उद्या पोट जागच्या जागी राहिलं, तर विहीणबाईंना मी काय तोंड दाखवू?"

तिनं मोठं ताट माळ्यावर टाकलं आणि लेकीच्या लहानपणीची ताटली काढली. तिच्या तळाशी एक ससा होता. ससा दिसला की जेवण संपलं, असा नियम ठरला. पहिल्या दिवशी मास्तरांना ससा फारच लवकर भेटला. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. ससाही त्यांच्याकडे बघत होता.

पण मास्तर मूळचे चौकस. गिऱ्हाइकाचा एक खांदा खाली का, डाव्या खिशाचं अस्तर आधी का फाटतं, असले प्रश्न त्यांना आयुष्यभर पडत आले होते. आता त्यांना स्वतःचंच शरीर हाताशी मिळालं. माणूस बारीक होतो, तो नेमका कुठून? आणि जे जातं, ते जातं कुठे? रोज सकाळी आरशासमोर उभे राहून ते स्वतःला असे न्याहाळत, जसं काही कुणाचं तरी दुरुस्तीला आलेलं कापड आहे. आधी शर्टाची कॉलर सैल झाली. मग घड्याळ मनगटावर फिरायला लागलं. मग जिना चढताना मधल्या मजल्यावरची विश्रांती आपोआप गळाली. पोट मात्र जुन्या भाडेकरूसारखं बसून होतं. बाकीच्यांनी जागा सोडल्या, हे हलायचं नाव घेईना. आणि मग एका सकाळी पँटच्या पट्ट्याला आतलं भोक पाडावं लागलं. मास्तरांनी बायकोला हाक मारली. दोघं त्या भोकाकडे कौतुकानं बघत उभी राहिली.

बाहेर कुणाच्याही लक्षात आलं नाही. रोज दिसणाऱ्या माणसाकडे बघतो कोण? लेक येऊन गेली, ती म्हणाली, "बाबा, चष्मा बदललात का? काहीतरी वेगळं दिसतंय."

"नवीन खडू वापरतोय," मास्तर म्हणाले.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. गोत्यात आणलं ते व्याह्यांच्या कोटानं.

लेकीचे सासरे गावातल्या वाद्यवृंदाचे संचालक होते. म्हणजे वीसपंचवीस वादकांसमोर, लोकांकडे पाठ करून, हातात काडी घेऊन ते उभे राहत. त्या धंद्यात माणसाचं तोंड कुणाला दिसत नाही, दिसते ती कोटाची पाठ. लेकीच्या लग्नात मास्तरांनी त्यांना एक कोट शिवून दिला होता. मुलीच्या बापानं नव्या व्याह्याच्या कमरेला टेप गुंडाळावी कशी, या संकोचानं मास्तरांनी माप घेतलंच नाही. व्याही अंगानं थेट आपल्यासारखेच, तीच उंची, तेच खांदे, तेच पोट, हे त्यांनी नजरेनं हेरलं आणि कोट सरळ स्वतःच्या अंगावर बेतला. तो व्याह्यांना असा बसला की लग्नघरात तोच एक विषय झाला. "माप न घेता!" व्याही ज्याला त्याला सांगत सुटले. "नुसतं बघून! असा हात मी जन्मात पाहिला नाही."

खरं काय ते सांगायची वेळ तिथेच निघून गेली. तेव्हापासून दर वर्षी मोसमाच्या पहिल्या कार्यक्रमाला मास्तर एक कोट पाठवत. दर वर्षी तो आरशासमोर स्वतः घालून बघत, आणि दर वर्षी व्याही म्हणत, "हात आहे की जादू!" या कोटाच्या शिवणीत मास्तर माया, म्हणजे पुढे उसवून सैल करायला जादा कापड, सुद्धा ठेवत नसत. माया ठेवायची ती चुकण्याची भीती असेल तर. बाकीची माया काय, व्याह्यांबद्दल मनात होतीच.

या वर्षीही त्यांनी तसंच केलं. आपण बारीक झालो आहोत हे त्यांना ठाऊक होतं. कोट आपल्या अंगावर बेततो हेही ठाऊक होतं. पण या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात शेजारी शेजारी राहूनही एकमेकींशी बोलत नव्हत्या. कोट घालून ते आरशासमोर फिरले आणि स्वतःशीच म्हणाले, "या वर्षी तर फारच छान उतरलाय."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी व्याह्यांनी कोट चढवला. बाह्या गेल्या. खांदे कसेबसे गेले. बटणं काजांपर्यंत पोचेनात.

"श्वास सोडा," विहीणबाई म्हणाल्या. व्याह्यांनी सोडला. बटण लागलं. "आता घेऊ नका."

"कार्यक्रम दोन तासांचा आहे."

"मग थोडा थोडा घ्या."

"मास्तरांना सांगावं का?"

"काय सांगणार? त्यांनी एवढ्या प्रेमानं शिवलाय आणि आपण नावं ठेवायची?"

"तसं नव्हे गं," व्याही आरशात बघत हळू आवाजात म्हणाले. "त्यांचा हात चुकायचा नाही. मीच सुटलोय. त्यांच्या नजरेला अजून मी पूर्वीचाच दिसतो, हा त्यांचा मोठेपणा."

त्या संध्याकाळी मास्तर आणि त्यांची बायको पहिल्या रांगेत बसली होती. व्याहीबुवा मंचावर आले ते घडी केलेल्या चादरीसारखे. त्यांचे हात छातीच्या वर जाईनात. एरवी ज्या जागी ते दोन्ही हात आभाळाला लावत, तिथे आज नुसती मनगटं हलली. वादक माना लांब करून काडी शोधत होते. धावतं गाणं चालायला लागलं, चालतं गाणं बसलं. झांज वाजवणाऱ्याला तर सबंध रचनेत एकच ठोका होता. त्यासाठी व्याही हात उंच करत. हात काही उंच होईना, आणि तो बिचारा झांज तशीच धरून इशाऱ्याची वाट बघत राहिला. शेवटी व्याह्यांनी जिवाच्या करारानं हात वर नेला. कोटाचं मधलं बटण सुटलं, वादकांच्या डोक्यांवरून सुसाट गेलं आणि थेट झांजेवर आपटलं. त्या संध्याकाळी तेवढा एकच ठोका वेळेवर पडला.

"व्याहीबुवा फारच सुटलेत हो," घरी येताना मास्तर म्हणाले.

"गप्प बसा," बायको म्हणाली. "व्याह्यांच्या पोटावर बोलू नये."

दुसऱ्या दिवसापासून व्याह्यांनी खाणं कमी केलं. त्यांनीही कुणाला सांगितलं नाही. ज्या माणसाचं बटण भर सभेत उडालं, त्यानं आपण पोट कमी करतोय हे सांगायला तोंड कुठून आणावं? ते अर्धं जेवण ताटात ठेवून उठायला लागले. भूक आवरेना झाली की स्वयंपाकघरात जाऊन उकडलेला भोपळा खात. संध्याकाळी "तालीम आहे" म्हणून बाहेर पडत आणि गावाबाहेरच्या रस्त्यानं झपाझप चालून घामाघूम होऊन परतत.

आठवड्यानं लेक माहेरी आली, ती डोळ्यांत पाणी घेऊनच. तिचा नवरा कामासाठी परगावी असे, घरात ती आणि सासू-सासरे. स्वयंपाक तिच्याकडे होता.

"पपांना माझ्या हातचं आवडेनासं झालंय," ती म्हणाली. "रोज अर्धं टाकतात."

"काही बोलले का?" आईनं विचारलं.

"छान झालंय म्हणतात. छान झालंय तर टाकतात कशाला? आणि संध्याकाळी तालमीला जातात म्हणून सांगतात, पण काडी घरीच असते. येतात ते घामानं निथळत. ममी विचारतात तर म्हणतात, 'हॉलमध्ये उकडतं.'"

लेक गेल्यावर बायको म्हणाली, "कोटावरून बिनसलं असेल. चारचौघांत बटण उडालं त्यांचं."

"बटण मी चांगलं दुहेरी दोऱ्यानं लावलं होतं," मास्तर म्हणाले. ते विचारात पडले होते. त्यांच्यातला चौकस माणूस जागा झाला होता. "हे बघ. माणूस जेवत नाही. बरोबर? तरी अंगानं वाढतोय, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. न जेवता वाढतो, म्हणजे ते वजन नव्हे."

"मग?"

"सूज."

"अगंबाई!"

"आणि घाम! सूज आणि घाम! आणि घरात सांगत नाहीत. माणूस दुखणं अंगावर काढतोय."

बायकोला ते पटलं. मास्तरांनी इतका सरळ विचार केला होता की तो न पटून भागणारच नव्हतं. आता व्याह्यांना विचारायचं कसं? ते स्वतः लपवत आहेत, त्यात आपण नाक खुपसायचं, तर लेकीच्या सासरी वाकडं व्हायचं. बोलून करता येत नाही ते हातानं करावं, असं मास्तरांनी ठरवलं. पुढचा कार्यक्रम महिन्यावर आला होता. त्यांनी मऊ कापड आणलं आणि दुसरा कोट बेतला. पहिला जिथे ताणला होता, ते सगळं त्यांनी डोळ्यांसमोर आणलं. तिथे चार बोटं सोडली. सूज एव्हाना वाढली असेल म्हणून आणखी चार. दुखऱ्या अंगाला काचू नये म्हणून वर दोन. बाह्याही ऐसपैस ठेवल्या. आणि या खेपेला शिवणीत मायाही ठेवली, भरपूर.

"दोन कार्यक्रमांना दोन कोट असावेत, एवढंच सांग," असं म्हणून त्यांनी तो लेकीबरोबर पाठवला.

व्याही महिनाभर भोपळ्यावर होते. थोडे उतरलेही होते, दोनेक किलो असतील. मोठ्या आशेनं त्यांनी कोट चढवला. बटणं लावली. कोट त्यांच्याभोवती तंबूसारखा उभा राहिला. ते आत वळले, कोट वळला नाही.

व्याह्यांना आधी आनंद झाला. तो घटकाभर टिकला. मग त्यांनी आरशात नीट पाहिलं.

"अगं," त्यांनी हाक मारली, "मी एवढा वाळलो?"

विहीणबाई धावत आल्या आणि तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मास्तरांनी तर माप घेतलं नव्हतं. नुसतं बघून शिवतात..."

"तेच! गेल्या महिन्यात त्यांनी मला जसं पाहिलं तसा कोट शिवला. त्यांचा हात कधी चुकत नाही. म्हणजे महिन्याभरात मी अर्धा झालो!"

तालमीत आणखी घोटाळा. हात वर केला की बाही कोपरापर्यंत खाली, हात खाली केला की काडी बाहीच्या आत गडप. वादकांना वाटलं, थांबायची खूण. ते थांबायचे. सबंध संध्याकाळ वाद्यवृंद अडखळत चालला आणि व्याही तिथून परस्पर डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी वजन केलं, नाडी पाहिली, जीभ पाहिली. "उत्तम आहे. थोडं वजन उतरलंय, ते बरंच झालं. असंच चालू ठेवा. तो भोपळा मात्र सोडा, नीट जेवा."

"थोडं? डॉक्टर, हा कोट बघा!"

"मी माणसं तपासतो," डॉक्टर म्हणाले. "कोट नाही."

व्याह्यांनी काय तो अर्थ काढला. डॉक्टर 'नीट जेवा' म्हणतात, म्हणजे आता पथ्याचा काही उपयोग उरला नाही. ते घरी गेले आणि पांघरूण घेऊन आडवे झाले.

लेकीचा फोन आला तेव्हा मास्तर एक काज करत होते. "बाबा, पपा झोपून आहेत. डॉक्टर खरं काय ते सांगत नाहीत म्हणतात."

मास्तर गळ्यातली टेपही न काढता निघाले. वाटेत बायकोनं फळं घेतली. व्याह्यांच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. दोघं झपाट्यानं जिना चढून वर गेली.

दार विहीणबाईंनी उघडलं. दोघी विहिणींनी एकमेकींचे हात धरले.

"कशी आहे आता?" मास्तरांच्या बायकोनं दबल्या आवाजात विचारलं.

"कोण कशी?"

"सूज हो."

"सूज? अहो विहीणबाई, सूज कसली? वाळून काडी झालेत!"

"वाळले? यांनी तर सांगितलं, फुगलेत म्हणून."

"फुगले कुणी सांगितलं?"

"मी पाहिलं ना," मास्तर म्हणाले, आणि लगेच जीभ चावली.

सगळे आतल्या खोलीत गेले. व्याही उशीला टेकून बसले होते. मास्तरांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. हा माणूस सुजलेला नव्हता. वाळलेलाही नव्हता. लग्नात होता तसाच होता, जरासा कमी. मग आठ आणि दोन, दहा बोटं गेली कुठे?

"मास्तर," व्याही क्षीण आवाजात म्हणाले, "तुम्ही माझ्याशी खोटं बोलणार नाही. डॉक्टर लपवतात, घरचे लपवतात. तुमच्या हाताला खरं कळतं. पहिला कोट घट्ट, दुसरा ढगळ. मला काय झालंय?"

मास्तरांच्या कपाळावर घाम आला. हात चुकला म्हणावं तर इतक्या वर्षांची जादू गेली. चुकला नाही म्हणावं तर व्याही चालले.

एवढ्यात लेक पाणी घेऊन आली. पेला पुढे करता करता ती थबकली. "बाबा, तुम्ही जिन्यानं आलात ना?"

"हो. लिफ्ट बंद आहे."

"मग धाप कुठाय?"

सगळे मास्तरांकडे बघू लागले. मास्तर शांतपणे श्वास घेत होते. लेकीनं पेला खाली ठेवला. ती शिंप्याची मुलगी होती. तिनं बापाच्या शर्टाची बाजू चिमटीत धरली, हाताला भलतंच कापड आलं. तिनं त्यांच्या गळ्यातली टेप ओढली आणि त्यांच्या कमरेभोवती घातली.

"बाबा! तुमचं पोट कुठे गेलं?"

"कुठे गेलं?" विहीणबाईंनीही विचारलं, एखादी वस्तू हरवावी तसं.

"आम्ही कमी केलं," मास्तरांची बायको म्हणाली. इतक्या दिवसांचा अभिमान तिला आवरेना. "लहान ताटली, बिनसाखरेचा चहा, रोजचं चालणं. कुणाला सांगितलं नाही, एवढंच."

लेक कपाटाकडे गेली. तिनं पहिला, घट्ट कोट काढला आणि बापाच्या अंगावर चढवला. बटणं सहज लागली. मास्तरांनी सवयीनं खांदे मागे घेतले. कोट त्यांना असा बसला होता की बघत राहावं.

व्याह्यांनी कोटाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"मास्तर," व्याही म्हणाले, "हा कोट कुणाचा आहे?"

"तुमचाच, व्याहीबुवा," मास्तर खाली बघत म्हणाले. "फक्त... माझ्या अंगावरचा."

"आणि मागचे?"

"तेही."

"लग्नातला?"

"तोही."

लेकीनं आईकडे पाहिलं. आईनं विहिणीकडे पाहिलं. व्याह्यांनी पांघरूण बाजूला केलं आणि पलंगावरून पाय खाली सोडले.

"म्हणजे मी फुगलो नव्हतो?"

"नाही."

"आणि वाळलोही नाही?"

"जरासेच."

"मग," व्याह्यांचा आवाज चढला, "मी महिनाभर उकडलेला भोपळा कशासाठी खाल्ला?"

"भोपळा?" लेक म्हणाली. "पपा, म्हणून माझं जेवण टाकत होता?"

व्याही एकदम नरमले. "अगं, चांगलं होतं म्हणूनच टाकत होतो. वाईट असतं तर आपोआप कमी गेलं असतं. तुझं जेवण समोर सोडून उठायचं म्हणजे... तो भोपळा मी रडत खाल्लाय."

आधी लेक हसली. मग विहीणबाई. मास्तरांना हसावं की नाही कळेना, म्हणून ते व्याह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. व्याह्यांच्या मिशा थरथरत होत्या. रागानं असाव्यात, असं वाटेवाटेपर्यंत ते खो खो हसत सुटले.

"ते सगळं राहू द्या," विहीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "परवा कार्यक्रम आहे. मास्तर, टेप आहे ना तुमच्याजवळ? आता तरी नीट माप घ्या यांचं."

"नको," व्याही झटकन म्हणाले.

"नको काय? उभे राहा."

"अगं, काय घाई आहे..."

मास्तर टेप घेऊन पुढे झाले. इतक्या वर्षांनी का होईना, एकदा रीतसर होऊन जाऊ दे, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांनी टेप व्याह्यांच्या कमरेमागून घेतली. ती पोटाला टेकली मात्र, व्याही किंचाळून पलंगावर कोसळले.

"दुखलं?" मास्तर घाबरले.

"नाही," व्याही उशीत तोंड खुपसून म्हणाले. "गुदगुल्या होतात."

पुन्हा प्रयत्न झाला. लेकीनं एक हात धरला, विहीणबाईंनी दुसरा. टेप काखेपाशी गेली की व्याही धनुष्यासारखे वाकत, कमरेशी आली की लाथ झाडत. छातीचं माप एकदा पोटापेक्षा जास्त आलं आणि एकदा निम्म्यानं कमी. मास्तरांनी शेवटी टेप गुंडाळून ठेवली.

"लहानपणापासून असंच आहे," व्याही धापा टाकत म्हणाले. "कुठल्याही शिंप्याकडे मला उभं राहता आलं नाही. म्हणून तर लग्नात तुमच्या कोटाचा एवढा आनंद झाला. जन्मभर तयार कोट घालत आलो होतो, एकही धड बसत नव्हता. तुम्ही माप मागितलंच नाहीत! मला वाटलं, देवमाणूस भेटला."

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या मनावरचं एक मोठं ओझं उतरलं होतं, आणि ते उतरवायला ताटलीतल्या सशाचं तोंड बघावं लागलं नव्हतं.

मार्ग विहिणींनीच काढला. व्याह्यांना मापता येत नाही, म्हणजे कोट यापुढेही मास्तरांच्याच अंगावर बेतायचा. मग दोघांची अंगं सारखी राहायला हवीत. व्याह्यांनी आणखी थोडं उतरायचं, मास्तरांनी आहे तिथे थांबायचं. भोपळा बंद, नीट जेवण चालू. पहाटे दोघांनी मिळून चालायला जायचं. आणि कुणी पुढेमागे होऊ नये म्हणून दोन्ही घरांत जेवण सारखं. रोज दुपारी लेक आईला फोन करून विचारायची, "बाबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं का?"

"नाही."

"मग इथेही देत नाही."

परवाच्या कार्यक्रमासाठी मास्तरांनी दुसरा कोट रातोरात अंदाजानं आत घेऊन दिला आणि वेळ निभावली. त्यानंतर सगळं सुरळीत चाललं. व्याही उतरले, मास्तर टिकले. पहाटे दोघं लांबवर चालून येत. व्याही ताल धरून चालत, मास्तर वाटेत दिसणाऱ्या माणसांचे खांदे बघत. मोसम संपला, नवा आला आणि नव्या कोटाचं कापड दुकानात येऊन पडलं.

एका दुपारी मास्तर ते कापड टेबलावर पसरत होते. एवढ्यात व्याही दारात उभे राहिले. मागेपुढे बघून आत आले आणि कोटाखालून एक खोका काढून त्यांनी टेबलावर ठेवला. खोक्यातून ताज्या केकचा वास आला.

"व्याहीबुवा, हे काय?"

"बसा," व्याही म्हणाले. "मी खूप विचार केला, मास्तर. तुम्ही जे खाल तेच मला खाता येतं. बरोबर? म्हणजे तुम्ही एक तुकडा खाल्लात, तर नियमानं मलाही एक मिळतो."

"पण व्याहीबुवा, नेम आहे आपला..."

"तुम्ही नाही खाल्लात, तर मलाही खाता येणार नाही." त्यांनी खोक्याचं झाकण उघडलं आणि आवाज एकदम मृदू केला. "मी तुमच्या लेकीचा सासरा. एवढ्या आग्रहानं घेऊन आलोय. मला नाही म्हणाल?"

मास्तरांनी केककडे पाहिलं. व्याह्यांकडे पाहिलं. मुलीच्या बापानं व्याह्याचा आग्रह मोडल्याचं त्यांनी तरी आजवर ऐकलं नव्हतं. ते उठले, दुकानाचं दार आतून लावलं आणि दोन बशा काढल्या.

त्या वर्षीचा कोट मास्तरांनी दोन बोटं सैल शिवला. दोघांनाही तो अगदी चपखल बसला.